खेळियांची थट्टा : सारीपाट, गंजिफा आणि छापील पत्ते

तुळजापुरास भारतीबुवांचा मठ म्हणून एक जुना मठ आहे. श्रीभवानी देवालयांतून उठून ह्या मठांत येई आणि भारतीबुवांशीं सारीपाट खेळे, अशी तेथील परंपरा सांगतात. महिषासुराचा वध करणारी, गोंधळी जिच्या नांवानें संबळ वाजवितात ती जगदंबा एका गोसाव्यासमोर मांडी घालून बसते आणि दान पडण्याची वाट पाहते, हें चित्र एखाद्या शाहिराच्या कल्पनेंतून निघालें असतें तर आपण त्यास विनोद म्हटलें असतें. परंपरेंतून आलें म्हणून आपण त्यास आख्यायिका म्हणतों. प्रस्तुत लेखाचा विषय हा विनोद आहे. खेळ, खेळणारे आणि त्यांचीं चित्रें काढणारा कारागीर ह्या तिघांचा संबंध आपल्याकडे कसा होता, आणि छापखाना आल्यावर तो कसा पालटला, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

तुळजापूर तालुक्यांतच नळदुर्गाजवळ मैलारपूर येथें खंडोबाचें ठाणें आहे. अणदूर व मैलारपूर ह्या दोन ठिकाणीं एकाच मूर्तीचें आळीपाळीनें वास्तव्य असतें. खंडोबाच्या कथेंतहि सारीपाट येतो. म्हाळसेशीं खेळतां खेळतां देव डाव हरतो, बारा वर्षांचा वनवास पत्करतो आणि धनगराच्या वाड्यावर मेंढरें राखावयास जाऊन राहतो. तेथें त्याची बाणाईशीं गांठ पडते. जागरणांत वाघ्यामुरळी ही कथा गातात तेव्हां ऐकणारे हंसतात. देव हरला म्हणून कोणी खिन्न होत नाहीं. देव खरोखर हरला कीं बाणाईसाठीं मुद्दाम हरला, हा प्रश्न श्रोत्यांनीं आपसांत सोडवावयाचा असतो.

ही थट्टा नुसती तोंडीं राहिली नाहीं. ती दगडांतहि उतरली. मराठवाड्याच्या दुसऱ्या टोंकास वेरूळचीं लेणीं आहेत. तेथील चौदाव्या लेण्यांत, ज्यास लोक रावणाची खाई म्हणतात, आणि एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत बसल्याचीं शिल्पें आहेत. पुराणांतरीं ह्या डावांत शिव सर्वस्व हरतो, हें वाचकांस ठाऊकच आहे. शिल्पकारानें वरच्या भागांत दांपत्य आणि त्यांचा डाव दाखविला; परंतु त्याचें मन रमलें तें खालच्या पट्टींत. धन्याचें लक्ष फांशांत गुंतलें आहे ही संधि साधून बुटक्या गणांनीं नंदीभोंवतीं दंगा मांडला आहे. देवांच्या डावाचें गांभीर्य ह्या खालच्या रांगेनें पार घालविलें आहे. मला वाटतें, खेळियांकडे पाहण्याची मराठी मुलखाची दृष्टि ह्या एका पट्टींत सांपडते. डाव मोठा, खेळणारे मोठे, आणि कारागीर मात्र खालीं बसून हंसणाऱ्यांच्या बाजूचा.

आतां पत्त्यांकडे वळूं. सारीपाटांत चित्र पटाबाहेर असतें. खेळणाऱ्यांना कोणी पाहतो आणि त्यांचें शिल्प घडवितो. पत्त्यांत चित्र खेळणाऱ्याच्या हातांतच येतें. त्यामुळें कारागिराला थट्टेस जागा अधिक मिळाली.

आपल्याकडे हिंदुस्थानांत गंजिफांचा निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रांत मिळतो. इ. स. १५२७ मध्यें त्यानें सिंधांत शाह हसन अर्घून ह्याजकडे गंजिफा पाठविल्या, कारण त्यास त्यांची आवड असून त्यानें त्या मागितल्या होत्या. त्याच्या नातवाच्या काळीं अबुल फजलानें ऐन-इ-अकबरींत ह्या खेळाचें जें वर्णन लिहून ठेविलें, तें आपल्या विषयाचें सर्वांत मोठें साधन होय. तो प्रथम बारा रंगांचा जुना खेळ सांगतो. प्रत्येक रंगांत राजा, वजीर आणि एकापासून दहापर्यंत दहा पानें, म्हणजे एकूण १४४ पानें. पहिला अश्वपति, दुसरा गजपति, तिसरा नरपति, चौथा गढपति. पुढें धनपति, दलपति अशी मालिका चालून वनपति आणि अहिपति ह्यांवर ती संपते.

ह्या मालिकेंतील नरपतीपाशीं धाराशिव जिल्ह्याच्या वाचकानें क्षणभर थांबावें. ज्याचें बळ पायदळांत आहे असा राजा, अशी नरपतीची व्याख्या करून अबुल फजल उदाहरण देतो तें विजापूरच्या सुलतानांचें. त्या वेळीं विजापूरच्या गादीवर दुसरा इब्राहीम आदिलशहा होता, आणि नळदुर्ग त्याच्याच राज्यांत होता. बोरी नदीचें पाणी अडवून किल्ल्यांत जो प्रसिद्ध बंधारा आणि पाणीमहाल बांधला, तो ह्याच सुलतानाच्या कारकीर्दींतला. म्हणजे आग्र्यास अगर फत्तेपुरास अकबराचे दरबारी नरपतीचा राजा खालीं टाकीत, तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें दक्षिणेचा धनी असे. ज्या राज्यावर पुढें स्वारी करावयाची, तें राज्य अगोदर पत्त्यांत जिंकून पाहावें, ह्यांत दरबारी विनोदाचा भाग थोडाथोडका नाहीं. गढपतीविषयीं अबुल फजल कोणत्या घराण्याचें नांव घेत नाहीं. परंतु परांडा आणि नळदुर्ग ज्यानें पाहिले आहेत, त्यास त्या रंगाचा अर्थ समजावून सांगावयास नको.

अकबरानें ह्या जुन्या खेळांत फेरफार करून जे रंग ठरविले, त्यांच्या वर्णनांत थट्टा अगदीं उघड होते. शस्त्रांच्या रंगांत राजा तरवारीचें पाणी पारखतो आणि वजीर शस्त्रागार तपासतो. रुप्याच्या रंगांत राजा रुपये वांटतो, वजीर दानधर्माचे कागद पाहतो आणि बाकीच्या पानांवर टांकसाळींतले कामगार. वाद्याच्या रंगांत राजा गाणें ऐकत बसला आहे. आणि गुलामांच्या रंगांत? राजा हत्तीवर, वजीर गाड्यांत, आणि उरलेल्या पानांवर चाकर मंडळी : कोणी बसलेला, कोणी आडवा झालेला, कोणी पूजेंत, कोणी नशेंत, कोणी शुद्धीवर. वजन, संख्या, मान ह्यांपलीकडे जाऊन चित्रकारानें एकेका चाकराचा स्वभाव काढावा असें बादशहास वाटलें, ही गोष्ट मोठी आहे. वेरुळच्या खालच्या पट्टींतले गणच येथें पुन्हां भेटतात.

आमच्या वाचकांच्या दृष्टीनें मात्र सर्वांत महत्त्वाचा रंग बरातीचा. ‘बरात’ म्हणजे सरकारी खजिन्यावरील लेखी हुकूम. हाच शब्द मराठी दप्तरांत ‘वरात’ होऊन आला. पेशवाईंतील मोडी कागद ज्यांनीं चाळले आहेत, त्यांच्या हातांखालून अमुक महालावर वरात दिल्याचे किती लेख गेले असतील ह्याची गणती नाहीं. ऐन-इ-अकबरींत ह्या रंगाचा राजा सिंहासनावर बसून फर्मानें, सनदा आणि दप्तराचे बंद पाहतो. वजिरापुढें दप्तर उघडें आहे. आणि पुढच्या पानांवर कागद करणारा, ओळी आंखण्याचें साधन करणारा, दप्तरांत नोंद करणारा कारकून, नक्षी काढणारा, चौकटीच्या रेघा ओढणारा, फर्मान लिहिणारा, बांधणी करणारा असे लोक आहेत. एका हस्तलिखिताचा जन्म कागदाच्या हौदापासून बांधणीपर्यंत एका रंगाच्या पानांत उभा केला आहे! हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं ह्या वर्णनाकडे पत्त्यांची गोष्ट म्हणून दुर्लक्ष करूं नये. पोथी घडविणाऱ्या कारागिरांची इतकी नेमकी यादी इतरत्र सहज मिळत नाहीं.

पुढें मोगली गंजिफा म्हणून जो खेळ रूढ झाला, त्यांत आठ रंग आणि ९६ पानें राहिलीं. ताज, सफेत, शमशेर, गुलाम हे चार वरचे. चंग, सुरख, बरात, किमाश हे चार खालचे. वरच्या चारांत राजा व वजीर ह्यांच्या मागोमाग दहाचें पान मोठें आणि एक्का सर्वांत लहान. खालच्या चारांत उलट. वजिराखालोखाल एक्का मोठा आणि दहा सर्वांत हलकें. म्हणजे बरातींत एक कागद असेल तर त्याचा मान, दहा असतील तर ते कवडीमोल. इतिहाससंशोधकाच्या पोटांत हें वाचून थोडें दुखेल. पण एकुलत्या एका सनदेसाठीं आपण कोसच्या कोस चालत जातों आणि वरातींचे गठ्ठे न सोडतां परत ठेवतों, हें लक्षांत घेतलें म्हणजे ज्यानें हा नियम केला तो आपल्याला चांगलाच ओळखत होता असें म्हणावें लागतें.

दिवसा खेळ सुरू झाला तर उतारी सुरखच्या, म्हणजे सोन्याच्या राजाची. रात्रीं सफेतच्या, म्हणजे रुप्याच्या राजाची. सूर्य आणि चंद्र ह्यांचा हा मान. हाच नियम हिंदूंच्या दशावतारी गंजिफांत आला, तेव्हां दिवसा रामाची आणि रात्रीं कृष्णाची उतारी झाली. दशावतारी जोडांत दहा रंग, १२० पानें. प्रत्येक रंगाचा राजा तो तो अवतार, त्याखालीं प्रधान, आणि मग मत्स्याच्या रंगांत मासे, कूर्माच्या रंगांत कासवें, परशुरामाच्या रंगांत परशु अशीं चिन्हांचीं पानें. बहुधा तिघे जण खेळतात. हुकमाचा रंग असा कोणताच नाहीं. उतारीचा रंग हातीं नसेल तर दुसऱ्या रंगाचें पान टाकून हात मारतां येत नाहीं. कोणतीं पानें पडून गेलीं हें ज्याच्या लक्षांत राहील तो जिंकावयाचा. एकशेंवीस पानें ध्यानांत ठेवावयाचीं म्हणजे अवतारांचें नामस्मरण आपोआप होतें, असें खेळाच्या समर्थनार्थ पुष्कळदां म्हणत. हें समर्थन कितपत मनापासून होतें, ह्याविषयीं मला संशय आहे. एकादशीला जागरण करावयाचें आणि झोंप येऊं द्यावयाची नाहीं, एवढा व्यावहारिक हेतु पुरेसा असावा.

मराठी मुलखांत ह्या गंजिफांचें माहेर सावंतवाडी. तेथील चितारी कापडाचे अगर कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, त्यावर पांढरी माती देऊन, घोटून, गोल चकत्या करीत. रंगाची जमीन देऊन वर कुंचल्यानें चित्र काढीत आणि लाखेचा हात फिरवीत. श्रीमंतांसाठीं हस्तिदंती किंवा कांसवाच्या पाठीचीं पानें होत. तीं दरबारी आणि हीं बाजारी, असा भेद केलेला आढळतो. खरी मौज मात्र बाजारी पानांतच आहे. चिताऱ्याला एका जोडांत शंभर चिन्हांचीं पानें काढावयाचीं, आणि मिळकत बेताची. त्यामुळें त्याचा कुंचला धांवतो. दोन फटकाऱ्यांत मासा, तीन ठिपक्यांत माकड. आठ माकडें एका वाटोळ्या चकतींत बसवावयाचीं म्हणजे कोणी कोणाच्या पाठीवर, कोणी उलटें. घाईनें त्या हातास जो मोकळेपणा दिला, तो दरबारी कलमास पुष्कळदां साधला नाहीं.

ह्या खेळावर संस्कृतांतहि लिहिलेलें आहे. गिरिधराचें ‘गञ्जीफाखेलन’ काव्यमालेच्या तेराव्या गुच्छकांत छापलें गेलें. औरंगाबादचे ज्योतिर्विद हरिकृष्ण ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रचलेल्या ‘क्रीडाकौशल्यां’त बुद्धिबळांबरोबर गंजिफांचेंहि निरूपण केलें आहे. ज्योतिषाच्या प्रचंड ग्रंथाचा एक भाग म्हणून खेळांचें शास्त्र लिहावें असें मराठवाड्यांतल्या एका विद्वानास वाटलें, ह्यावरून त्या काळीं तेथें गंजिफा जाणणारे होते हें उघड आहे. म्हैसुरास मुम्मडी कृष्णराज वडेयर ह्यांनीं तर तेरा प्रकारचे खेळ योजून ३६० पानांपर्यंत मजल नेली. इतकीं पानें हातीं घेऊन खेळणारा कोणी निघाला कीं नाहीं हा प्रश्न बाजूस ठेवूं.

येथवर आपण ज्या थट्टेविषयीं बोललों ती हातानें काढलेल्या चित्रांतली. युरोपांत गोष्ट निराळी झाली. तेथें पत्ते आणि छाप हीं जुळीं भावंडें. पंधराव्या शतकाच्या मध्यास ऱ्हाईन नदीच्या कांठीं जो पहिला मोठा ताम्रपट-कोरक होऊन गेला, त्याचें नांवहि आज कोणास माहीत नाहीं. त्याच्या पत्त्यांवरूनच त्यास ‘पत्त्यांचा उस्ताद’ म्हणतात. त्याच्या पानांवर फुलें, पक्षी, हरणें, श्वापदें आणि रानटी माणसें आहेत. एकाच पानावर नऊ पक्षी नऊ तऱ्हांनीं चोंची साफ करीत बसलेले पाहिले, तर सावंतवाडीच्या चिताऱ्याचा हा कोणी दूरचा आप्त असावा असें वाटेल. परंतु पत्ते खेळणाऱ्या माणसांचें चित्र युरोपांत निघूं लागलें तें बहुधा उपदेश करण्यासाठीं. जुगारी, ठक, उधळ्या मुलगा, पेल्याशेजारीं सांडलेले पैसे. पाहणाऱ्यानें पाहावें आणि सावध व्हावें. लुकास फान लेडेन ह्या डच कोरकानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं पत्ते खेळणाऱ्यांचीं चित्रें रंगविलीं, त्यांतहि खेळियांच्या चोरट्या नजराच आधीं दिसतात. आपल्याकडे खेळांत देव हरतो आणि लोक हंसतात. तिकडे माणूस हरतो आणि लोक मान हलवितात.

छापाच्या पत्त्यांत दुसराच एक विनोद शिरला, तो कोणी योजलेला नव्हता. एका ठशावरून दुसरा ठसा, त्यावरून तिसरा, अशी नक्कल होत गेली आणि कोरणाऱ्यास मूळ चित्राचा अर्थ कळेनासा झाला. बदामाच्या राजाची मिशी ह्या नकलांत गेली. इतर तिघांची राहिली. त्याच्या हातांत पूर्वीं परशु होता, त्याचें पातें चौकटीबाहेर जाऊन नुसता दांडा उरला, पुढें त्या दांड्याची तरवार झाली, आणि आतां तो राजा स्वतःच्याच डोक्यांत तरवार खुपसून घेत आहे असें दिसतें. लहानपणीं पावसाळ्यांत शेतीचीं कामें थांबलीं म्हणजे ओसरीवर पत्त्यांचा डाव पडे. त्या वेळीं आमचे आजोबा हा राजा हातीं आला कीं ‘आला बिचारा’ एवढेंच म्हणत. गंजिफेच्या चिताऱ्यानें थट्टा जाणून केली. छापाच्या ठशानें ती नकळत केली.

आतां हे छापील पत्ते येथें आले कसे? इंग्लंडांत टॉमस डी ला रू ह्यानें १८३१-३२ च्या सुमारास पत्ते अनेक रंगांत छापण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. बेल्जममधील टुर्नहाउट येथील कारखानेहि पूर्वेकडे माल पाठवीत. त्या काळीं इंग्लंडांत पत्त्यांच्या प्रती ठरलेल्या असत आणि प्रत वेष्टनावरील चित्रावरून ओळखली जाई. हलक्यांत हलक्या प्रतीवर विदूषक, त्याहून बऱ्या प्रतीवर हायलंडर शिपाई, तीवर आठवा हेन्री राजा, आणि सर्वांत उंची प्रतीवर ‘ग्रेट मोगल’! ज्याच्या पूर्वजानें सिंधांत गंजिफा नजर पाठविल्या, त्या बादशहाचें नांव विलायती पत्त्यांच्या पुडक्यावर छापून निघालें, आणि तेच ५२ पत्ते येथील गंजिफांस मागें सारते झाले. इतिहासांत अशी कोटी क्वचित् साधते.

गंजिफा कां मागें पडल्या, ह्याचीं कारणें धर्मबुद्धीच्या लोपांत शोधण्याची गरज नाहीं. छापखान्याचा कागद चौकोनी असतो. त्यांतून चौकोनी पत्ते कापले तर तुकडा वायां जात नाहीं. वाटोळी चकती कापली तर प्रत्येक चार पानांमध्यें एक कोनाडा फुकट जातो. वाटोळीं पानें पिसतां येत नाहींत. तीं पंचावर उपडीं पसरून हातानें कालवावीं लागतात. बावन्न पत्ते खिशांत मावतात, एकशेंवीस चकत्यांना पेटी लागते. आणि हातानें रंगविलेला जोड एका माणसाचे कित्येक दिवस खातो, तेवढ्या वेळांत यंत्र किती जोड फेंकील हें सांगावयास नको. प्रश्न भक्तीचा नव्हता, कागदाच्या काटछाटीचा आणि मजुरीचा होता.

परंतु त्याच सुमारास एक मोठें स्थलांतर झालें, त्याकडे मी वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पुण्यास चित्रशाळा काढली. १८९४ मध्यें राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईस सुरू झाला आणि पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. ह्या दोन छापखान्यांनीं रामपंचायतन, लक्ष्मी, सरस्वती घरोघर पोंचविलीं. म्हणजे जे अवतार आजपर्यंत हातांत धरून, एकमेकांवर आपटून, ‘हा घे नृसिंह’ म्हणून खेळावयाचे होते, ते कांचेच्या चौकटींत जाऊन भिंतीवर बसले. आणि रिकाम्या झालेल्या हातांत परमुलखाचे राजे-राण्या आल्या. एकाच यंत्रानें हीं दोन्हीं कामें केलीं. भिंतीवरच्या देवाला फुलें वाहतां येतात, पण त्याच्याशीं डाव मांडतां येत नाहीं. तुळजापुरच्या भारतीबुवांची परंपरा ज्या सलगीवर उभी आहे, ती सलगी छापील चित्रानें कमी केली असें माझें मत आहे. ह्यावर कोणी म्हणेल कीं, ज्याच्या झोंपडींत कधींच चित्र नव्हतें त्याच्याकडे ह्या छापानेंच देव पोंचला. तें खरें आहे, आणि त्याचें मोल मी कमी लेखीत नाहीं.

शब्दांत मात्र जुना दरबार टिकून राहिला. किलवर हा शब्द डचांच्या ‘क्लाव्हर’ ह्या शब्दाशीं जुळतो. बादशहा, गुलाम, हुकूम हे मात्र फार्शी अमलाचे. विशेष गुलामाचें. मोगली गंजिफांत गुलाम हा एक अखंड रंग होता. त्याला स्वतःचा राजा होता, वजीर होता. विलायती जोडांत तो प्रत्येक रंगांत एकेकटा, राणीच्या खालीं उभा राहिला. राणी ही आपल्या आठ रंगी किंवा दशावतारी जोडांत नव्हतीच, आणि ती येतांच प्रधानाचें पद गेलें. एवढी मोठी दरबारी उलथापालथ झाली असतां ओसरीवरच्या एकाहि खेळणाऱ्यानें तिची दखल घेतली नाहीं.

विसाव्या शतकांत युरोपच्या कोरकांनीं पत्ते खेळणाऱ्यांची जुनी उपदेशपर चाल मोडली. १९२० मध्यें ऑटो डिक्स ह्या जर्मन चित्रकारानें पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या तीन लुळ्यापांगळ्या सैनिकांचा पत्त्यांचा डाव रंगविला आणि तोच विषय सुईनें ताम्रपटावर ओरखडून छापलाहि. हात नाहीं म्हणून एकजण पायाच्या बोटांत पत्ते धरतो, दुसरा तोंडांत. ही थट्टा भयंकर आहे. पण ती खेळणाऱ्यांची नव्हे, ज्यांनीं त्यांना तेथें पाठविलें त्यांची आहे. गुलामांच्या रंगांतील नशेंत पडलेला चाकर आणि डिक्सचा पांगळा शिपाई ह्यांत तीनशें वर्षांचें आणि हजारों कोसांचें अंतर आहे. तथापि दोघांनाहि धन्याच्या डावांत पान म्हणूनच वापरलें गेलें. १९३३ मध्यें नाझी सत्तेवर येतांच डिक्सची ड्रेस्डेन येथील अध्यापकी गेली.

त्याच वर्षीं बर्लिनचा एक तरुण भूशास्त्रज्ञ मुंबईस उतरला. त्याचें नांव रुडॉल्फ फॉन लेडेन (१९०८-१९८३). वर उल्लेखिलेल्या लुकासच्या नांवाशीं ह्याचें नांव जुळतें हा केवळ योगायोग. भूशास्त्र सोडून तो वर्तमानपत्रांत शिरला, ‘डेनली’ ह्या सहीनें हास्यचित्रें काढूं लागला, आणि मुंबईच्या नव्या चित्रकारांचा, हुसेन, रझा, आरा ह्यांचा, मोठा पाठीराखा झाला. हाच मनुष्य गंजिफांचा सर्वांत मोठा अभ्यासक ठरला. १९८२ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अॅल्बर्ट संग्रहालयानें प्रसिद्ध केलेला त्याचा ग्रंथ हा विषय अभ्यासणाऱ्यास टाळतां येत नाहीं. नव्या चित्रकलेचा वकील आणि जुन्या पत्त्यांचा संग्राहक एकच असावा, ह्याचें पुष्कळांस नवल वाटलें. मला वाटत नाहीं. दोन फटकाऱ्यांत मासा काढणारा चितारी आणि एका रेघेंत घोडा उभा करणारा हुसेन ह्यांचें नातें हास्यचित्रें काढणाऱ्याच्या डोळ्यास आधीं दिसावें हेंच स्वाभाविक. सावंतवाडीसहि १९७० नंतर शिवरामराजे भोंसले व सत्त्वशीलादेवी ह्यांनीं एका वृद्ध चिताऱ्याच्या हातांत उरलेली विद्या राजवाड्यांत पुन्हां सुरू करविली, म्हणून आज ती डोळ्यांनीं पाहावयास मिळते.

आतां आपल्या संग्राहकांसंबंधीं थोडें. अपुरा जोड निरुपयोगी, अशी समजूत फार पसरलेली आहे. त्यामुळें राजा आणि प्रधान तेवढे ठेवून चिन्हांचीं पानें टाकून देतात, किंवा राजाचें पान सुटें करून लघुचित्र म्हणून विकतात. ही मोठी हानि आहे. राजाचें चित्र पुष्कळदां सांचेबंद असतें. चिताऱ्याचा हात, त्याची घाई आणि त्याची थट्टा चिन्हांच्या पानांतच उतरते. शिवाय सुट्या राजावरून रंग ओळखणें धोक्याचें. मराठी मुलखांत दशावतारांच्या चित्रांत नववा अवतार पुष्कळदां पांडुरंगाच्या रूपानें दाखवितात. विठ्ठलाचें सुटें वाटोळें चित्र हातीं आलें, तर तें पंढरपुरचें प्रसादचिन्ह कीं गंजिफेंतील बुद्धाचा राजा, हें पाठीवरची लाख, जमिनीचा रंग आणि बरोबरचीं पानें पाहिल्याशिवाय सांगतां येणार नाहीं. राजा बहुधा आसनस्थ, प्रधान बहुधा घोड्यावर. पण हीहि खूण सर्वत्र लागू पडत नाहीं. म्हणून पेटींत मिळतील तितकीं पानें, फुटकीं धरून, जशींच्या तशीं मोजावीं, रंगवार यादी करावी, पेटीच्या झांकणावरची अक्षरें उतरून घ्यावीं, आणि मगच पुसावयास हात लावावा.

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. मधल्या १८५३ ते १८६० ह्या काळांत नळदुर्गचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलर तेथें अधिकारी होता, एवढा खंड सोडला तर ह्या भागाचें दप्तर फार्शी-उर्दूच्या वळणाचें. अशा मुलखांतील जुन्या देशमुख, देशपांडे घराण्यांच्या माळ्यावर दशावतारी जोडाइतकीच आठ रंगी मोगली जोडाचीहि आशा धरावयास हरकत नाहीं. असा जोड मिळालाच, तर पाहणाऱ्यानें प्रथम बरातीचा वजीर शोधावा. त्याच्या हातांत कागद असेल. तो कोरा आहे, कीं चिताऱ्यानें त्यावर दोनचार अक्षरें ओढलीं आहेत, आणि ओढलीं असल्यास तीं फार्शी आहेत कीं मोडी, हें भिंगानें पाहून कळवावें.